टाकळघाटचा नाला

आमच्या आसेगावात विहीर खणली की काळा पत्थर लागतो. भूगोलाच्या पुस्तकात ट्रायलोबाइटचे चित्र पाहिले तेव्हा मीही घण घेऊन तो पत्थर फोडला. डोके, धड, शेपटी आणि पाठीवर उभे तीन भाग असलेला तो जीव मला हवा होता. मिळणार कसा? तो २५ कोटी वर्षांपूर्वीच संपला आणि आमचा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा!

पण याच लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे जुन्या तळ्यांचा गाळ दबलेला असतो, हे वाचताना स्टीफन हिस्लॉप भेटले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (१८८३) सर्वांना ठाऊक आहे. माणूस कोणाला ठाऊक आहे?

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले व त्यांनी शाळा काढली. धर्मप्रचारात त्यांना किती यश आले ते असो, दगड मात्र त्यांनी अपार जमविले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळी, सीताबर्डी येथील गाळात त्यांना फायसा नावाची गोगलगाय सापडली. तिचा शंख टोक वर करून धरला तर तोंड डावीकडे येते; बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे असते. ती गोड्या पाण्यातली. म्हणजे लाव्हा एकदाच ओतला गेला नाही. मधल्या काळात येथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि पुन्हा आग आली. मांगलीच्या खडकातील एक रुंद, चपटी कवटीही त्यांनी विलायतेस पाठविली. डोळ्यांच्या खोबणी पुढे सरकलेल्या त्या उभयचराचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. हिस्लॉप यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध १८५५ साली लंडनला छापून आला. थरांचे वय त्यांनी कमी धरले होते, पण तळ्यांचा तर्क मात्र खरा ठरला.

४ सप्टेंबर १८६३. रिचर्ड टेंपल यांच्यासह ते टाकळघाटची शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना नाल्यास पूर आला होता. घोडा एकटाच मुक्कामी पोहोचला. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षे पूर्ण व्हायची होती.

गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणे तशीच पडून होती. ती टेंपल यांनी १८६६ साली छापली.