मॅग्नमचा माणूस आणि चमचाभर दारू

बंदूक मी कधी चालवली नाही. पण एल्मर कीथच्या आयुष्याने मला नेहमीच ओढ लावली. १८९९ साली मिसुरीत जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयात हॉटेलच्या आगीत होरपळला, डावा हात अधू झाला. तरीही आयडाहोच्या डोंगरांत त्याने गुरे राखली, शिकाऱ्यांना वाट दाखवली आणि काडतुसे स्वतःच भरली. एकदा जादा दाबाने रिव्हॉल्व्हरच फुटले. मग त्याने चव्वेचाळीसचे काडतूस धरले, पुढे त्यात ‘२४००’ ही संथ जळणारी दारू भरली. त्याच्या हट्टातून १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्मले.

त्याचा झटका अनेकांना सोसेना. दारू कमी घातली की झाले, असे आपल्याला वाटते. पण अतिसंथ दारू पुरेशा दाबाखालीच नीट जळते. ती फार घटवली तर गोळी नळीतच अडकू शकते; मागून दुसरी झाडली की अनर्थ! सौम्य काडतुसाला जलद दारू हवी, तीही उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच. तिचे माप इतके थोडे, की चुकून दुप्पट पडले तरी कळत नाही.

कीथ १९८४ साली गेला. जोर वाढवायला त्याची सुमारे तीस वर्षे गेली. जोर कमी करायलाही तितकाच धीर लागतो, हे मला त्याच्यामुळे उमगले.