सिनेमाची गाणी रेडिओवरून हद्दपार करणाऱ्या मराठी मंत्र्याच्याच काळात विविध भारती सुरू झाली

फुलपाड्याहून विरार स्टेशनला जायला रिक्षात बसलात आणि रिक्षावाल्याने रेडिओ लावला, तर एखादं जुनं हिंदी गाणं हमखास कानावर पडतं. मध्येच विविध भारतीचं नाव येतं. या स्टेशनचं मुख्य केंद्र तिथून फार लांब नाही, बोरिवलीत आहे.

पण हे स्टेशन सुरू होण्यामागे एका मराठी माणसाचा हट्ट होता, आणि तो हट्ट सिनेमाची गाणी वाजवण्याचा नव्हता. ती बंद करण्याचा होता.

त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

जन्म १९०३ सालचा, पुण्यातला. काशी विद्यापीठात ते संस्कृत शिकवायचे, पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली. काँग्रेसमध्ये वरच्या पदांवर काम केलं. शास्त्रीय गाण्याची त्यांना मनापासून ओढ होती. १९५२ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची १० वर्षं आकाशवाणी त्यांच्या हातात राहिली.

तेव्हा देशात सरकारी रेडिओशिवाय दुसरा रेडिओच नव्हता. त्यामुळे मंत्र्याची आवड ही सगळ्या देशाची आवड व्हावी, असा प्रयत्न करणं शक्य होतं. केसकरांनी तो केला.

सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी या गाण्यांचा वेळ एकूण कार्यक्रमांच्या १० टक्क्यांवर आणायचं ठरवलं. गाणी निवडूनच वाजवायची आणि सिनेमाचं नाव सांगायचं नाही, असंही ठरलं. निर्माते भडकले. नाव नाही म्हणजे जाहिरात नाही. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. झालं, काही महिन्यांत सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून गायब!

लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला.

कोलंबोत रेडिओ सिलोन होतं. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला त्यांचा ट्रान्समीटर इतका ताकदवान होता, की आवाज भारतभर पोचायचा. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानींचा कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज पुन्हा भारतातल्या घराघरांत यायचा. पानाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत सिलोन लागायला लागलं. आपली गाणी, आपले श्रोते, आणि जाहिरातीचा पैसा मात्र परदेशी स्टेशनला.

इथपर्यंत वाचून केसकर म्हणजे निव्वळ हेकेखोर माणूस वाटेल. पण गोष्टीला दुसरी बाजू आहे.

संस्थानं विलीन झाल्यावर दरबारी गवयांचा आधार तुटला होता. ही जागा केसकरांनी आकाशवाणीला घ्यायला लावली. १९५२ सालीच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वाद्यवृंद उभा राहिला, त्याची धुरा पंडित रविशंकर यांच्याकडे गेली. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली. तिकीट काढून मैफिलीला जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांना मोठे गवई घरबसल्या ऐकायला मिळाले.

सिनेमाच्या गाण्यांना पर्याय म्हणून सुगम संगीतावर आणि लोकगीतांवरही भर दिला गेला. पुणे केंद्रावरून १९५५ साली गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण घराघरांत पोचलं, तो काळही केसकरांच्याच कारकिर्दीतला.

हार्मोनियमवरची बंदी मात्र उगाच त्यांच्या नावावर खपवली जाते. ती इंग्रजांच्या काळात, १९४० साली आली होती. केसकरांनी ती उठवली नाही, इतकंच.

तरीही सिलोनकडे गेलेला श्रोता काही परत येईना. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा मंत्री केसकरच होते. उभारणीची जबाबदारी कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्यावर होती. गंमत म्हणजे तिथे वाजलेलं पहिलं गाणंही सिनेमाचं नव्हतं. ते शर्मांनीच लिहिलेलं, अनिल विश्वास यांनी चाल दिलेलं आणि मन्ना डे यांनी गायलेलं खास गाणं होतं. पण त्यामागोमाग सिनेमाची गाणीही आली आणि मग ती कधीच गेली नाहीत. १९६७ साली जाहिरातीही सुरू झाल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूरला.

केसकर १९६२ पर्यंत मंत्री होते. १९६३ साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहियांनी त्यांना हरवलं. नॅशनल बुक ट्रस्टचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. १९८४ साली त्यांचं निधन झालं.

लोकांनी काय ऐकायचं हे दिल्लीत बसून ठरवता येतं, असं त्यांना वाटलं होतं. श्रोत्यांनी कुठे मोर्चा काढला नाही. फक्त स्टेशन बदललं, आणि पाच वर्षांत सरकारला आपलं धोरण बदलावं लागलं.