ॲमी जॉन्सन : लंडन ते डार्विन

नकाशावर दोन शहरांमधील अंतर बोटानें मोजतां येतें. परंतु तें ओलांडावयास किती काळ लागेल, हें वाहन व तें चालविणारा मनुष्य या दोघांवर अवलंबून असतें. ऑस्ट्रेलियांतील पर्थहून लंडनपर्यंतचें सुमारें १४,५०० किलोमीटर अंतर वाटेंत न उतरतां सुमारें सतरा तासांत तोडणारी विमानसेवा २०१८ सालीं सुरू झाली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीनें विमान नेणाऱ्या पहिल्या स्त्रीस मात्र एकोणीस दिवसांहून अधिक काळ लागला होता. तिचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, विशेषतः विद्यार्थिनींनीं, मनन करण्याजोगें आहे.

ॲमी जॉन्सनचा जन्म १ जुलै १९०३ रोजीं इंग्लंडांतील हल या बंदरीं झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत काम करूं लागली व फावल्या वेळीं विमान चालविण्यास शिकली. तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. मिस्त्र्यांबरोबर काम करून तिनें इंजिनाची रचना जाणून घेतली व १९२९ सालीं विमान-दुरुस्तीचा सरकारी परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय.

वडील व तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्या साह्यानें तिनें ६०० पौंडांस एक वापरलेलें जिप्सी मॉथ विमान घेतलें व त्यास ‘जेसन’ हें नांव दिलें. ५ मे १९३० रोजीं ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. बर्ट हिंकलर या वैमानिकानें १९२८ सालीं हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडावा, ही तिची आकांक्षा. आसन उघडें, सोबतीस कोणी नाहीं, आणि दिवसभर उडून उतरल्यावर इंजिनही आपणच तपासावयाचें, असा तिचा क्रम होता. बगदादजवळ वाळूच्या वादळानें तिला वाळवंटांत उतरविलें. तरीही सहाव्या दिवशीं ती कराचीस पोंचली. त्या वेळीं ती हिंकलरच्या दोन दिवस पुढें होती. पुढें तेल संपत आल्यामुळें तिला झांशीस उतरावें लागलें, आणि तेथून ती कलकत्त्यास गेली.

रंगूनजवळ मात्र दैव फिरलें. पावसांत वाट चुकून ती इनसीन येथील तांत्रिक विद्यालयाच्या मैदानावर उतरली. विमान खड्ड्यांत जाऊन पंख मोडला. तेथील शिक्षक व विद्यार्थी मदतीस धांवले आणि सदऱ्यांचें कापड लावून पंख दुरुस्त झाला. परंतु मोलाचे दिवस गेले, आणि विक्रम हातचा निसटला. येथेंच प्रवास सोडला असता तरी कोणी दोष दिला नसता. ॲमी पुढें निघाली. तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे रोजीं ती डार्विनला उतरली. सुमारें ११,००० मैलांचा प्रवास पुरा झाला होता.

पुढें १९३२ सालीं तिनें लंडन ते केप टाउन हा प्रवास एकटीनें विक्रमी वेळांत केला. महायुद्धांत ती विमानें एका तळावरून दुसऱ्या तळावर पोंचविण्याचें काम करूं लागली. ५ जानेवारी १९४१ रोजीं ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील तळाकडे निघाली असतां खराब हवेंत तिची दिशा चुकली, आणि टेम्स नदीच्या मुखाशीं तिचा अंत झाला. तिला वांचविण्यासाठीं थंडगार पाण्यांत उडी घेणारे आरमारी अधिकारी वॉल्टर फ्लेचर हेही मरण पावले. अर्धें जग ओलांडणाऱ्या ॲमीस स्वदेशांतील तो लहानसा पल्ला पुरा करतां आला नाहीं.

तिचें ‘जेसन’ विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत जतन केलेलें आहे. विक्रम इतरांनीं केले व इतरांनींच मोडले. परंतु विक्रमाची आशा संपल्यावरही अंगीकारलेलें कार्य तडीस नेण्याचा ॲमीचा निश्चय कोणत्याही वेगवान विमानानें मागें पडणारा नाहीं.