कुलाबा वेधशाळेचे नानाभाई मूस

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना हादऱ्यांपासून दूर असलेली शांत जागा हवी होती, म्हणून मराठवाड्याचा हा भाग निवडला गेला. वाचकहो, नाजूक यंत्रांना शांत जागा मिळवून देण्याचा असाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता. तो सोडविणाऱ्या नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस या पारशी शास्त्रज्ञाची ही जीवनकथा आहे.

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी झाला. त्याच्या आठच आठवडे आधी, २ सप्टेंबर रोजी, पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आले होते. सूर्यावरून उसळलेला विद्युत्भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की असे वादळ होते. त्या दिवशी युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली, काही ठिकाणी त्यांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत मात्र कुलाबा वेधशाळेचे कर्मचारी डोळ्यांनी चुंबकाचे वेध घेऊन आकडे वहीत उतरवीत होते. बाहेरच्या कोणालाही त्या आकड्यांची किंमत तेव्हा कळली नसती.

कुलाब्याची ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध सुरू झाले. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे यांनीही तरुणपणी तेथे काम केले होते. त्याच काळात रोममध्ये येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की हे सूर्यावरील घडामोडी आणि चुंबकसूचीची थरथर यांचा संबंध तपासत होते. म्हणजे हे काम एका शहराचे वा एका देशाचे नव्हते; दूरदूरची माणसे एकाच नोंदवहीत आपापले पान भरीत होती, असे म्हणता येईल.

नानाभाईंनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व पुढे एडिंबरा येथे विज्ञानाची पदवी संपादन केली. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर येणारे ते पहिले भारतीय कायम संचालक मानले जातात. पद मोठे होते, पण त्यांच्या वाट्याला आलेली अडचणही लहान नव्हती.

मुंबईत तोवर ट्राम घोड्यांनी ओढली जात असे. आता ती विजेवर चालविण्याचे बेत सुरू झाले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परत जाताना त्याचा काही अंश जमिनीत झिरपतो आणि गाडी सुटताना व थांबताना तो कमीजास्त होतो. चुंबकसूचीला हा गोंगाट आणि आकाशातून आलेला संदेश यांतला फरक कळत नाही. ट्राम थांबविणे तर शक्य नव्हते, आणि नागरिकांच्या सोयीआड येणे योग्यही नव्हते. वेधशाळेलाच शहर सोडावे लागणार होते.

नानाभाईंनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरचा दगड निवडून घेण्यात आला. आतील तापमान फारसे बदलू नये, अशी खोलीची रचना केली गेली. परंतु खरी जोखीम दगडाची नव्हती. जागा बदलली की आकडे बदलतात. एका दिवशी कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले असते, तर साठ वर्षांची मालिका तेथेच तुटली असती. म्हणून १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाल्यावरही कुलाब्याचे वेध चालू ठेवले गेले, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी सोबतच घेऊन परस्परांशी ताडून पाहण्यात आल्या. माझ्या मते नानाभाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम हेच होय. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबक सुरक्षित स्थळी पोहोचले होते.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील मुंबईच्या चुंबकीय वेधांचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. शांत दिवस वेगळे, वादळी दिवस वेगळे, असे हे आकडे त्यांनी चाळून मांडले. वादळात क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता आधी एकदम किंचित वाढते, मग काही तास खोल घसरते आणि अनेक दिवसांनी हळूहळू पूर्ववत होते. शांत दिवशी चुंबक रोज जो हलका झोका घेतो, तो सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील आयनांबरात वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांमुळे. आयनांबर हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. त्या थराचे प्रत्यक्ष प्रमाण १९२४ नंतर मिळाले.

नानाभाई १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये निधन पावले. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १८५९ च्या कुलाब्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या दिवशी मुंबईतील चुंबकीय तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरली होती. वीजवाहिन्या व उपग्रह यांना असे वादळ किती घातक ठरेल, हे अजमावताना आज जगभर याच आकड्याचा आधार घेतला जातो.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे आणि तिचे आकडे ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात जातात. औंढ्याच्या यंत्रालाही चुंबकमापकांची सोबत लागेल. जगभरातील विजांच्या कडकडाटामुळे भूपृष्ठ आणि आयनांबर यांमधील पोकळीत सेकंदाला सुमारे आठ कंपनांची चुंबकीय गुणगुण सतत चाललेली असते. ती सर्व देशांतील लायगोंना एकाच वेळी ऐकू येते, आणि दूरच्या आकाशातून आलेल्या लहरीपासून ती वेगळी ओळखावी लागते.