छावणीतले बाजीराव आणि त्यांची पत्रे

पालखेड आपल्या वैजापूर तालुक्यात आहे, हे मुलांना सांगितलं की आधी खरंच वाटत नाही. १७२८ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाला तिथेच कोंडीत पकडलं.

१८ ऑगस्ट १७०० चा त्यांचा जन्म. विसाव्या वर्षी पेशवेपद मिळालं आणि पुढची वीस वर्षं बहुतेक घोड्यावर नि राहुटीत गेली. जड सामान मागे ठेवून हलकी फौज घेऊन निघायचं, ही त्यांची रीत. घरची खुशाली कळायची ती जासुदांनी आणलेल्या पत्रांतून.

१७३७ मध्ये दिल्लीवर अचानक धडक मारली, तेव्हा सगळी हकिगत त्यांनी धाकटे भाऊ चिमाजी आप्पांना सविस्तर लिहून पाठवली. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना मात्र ते कर्जाचं दुखणं लिहीत. एवढ्या लढाया जिंकणारा माणूस सावकारांपुढे हैराण होता! पाठ्यपुस्तकात हे येत नाही, पण मला हेच बाजीराव जास्त जवळचे वाटतात.

१७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढाई झाली आणि पैठणजवळ मुंगीला तह. तेव्हा आप्पा सोबत होते. इकडे पुण्यात घरच्यांनी मस्तानीला अटकेत ठेवलं होतं. तहानंतर बाजीराव उत्तरेकडे निघाले, आप्पा मागे फिरले. वेगळे झाल्यापासून त्यांचं एकही पत्र आलेलं नाही, असं आप्पांनी पुतण्या नानासाहेबांना कळवलं. बाजीरावांचं चित्त थाऱ्यावर नाही, हे आप्पांना दिसत होतं.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठच्या रावेरखेडीला, छावणीतच, बाजीराव तापाने गेले. वय अवघं ३९. त्याच डिसेंबरात आप्पाही गेले.