वालचंदशेठचं विमान

बँकेच्या नोकरीत माझ्या टेबलावरून हजारो कर्जअर्ज गेले. बहुतेक विसरलो. एक मात्र निवृत्तीनंतरही अधूनमधून आठवतो आणि अस्वस्थ करतो.

१९८०च्या दशकात माझी बदली वेल्ह्याला झाली होती. समोर तोरणा, पावसाळ्याचे चार महिने धुकं, कागद दमट होऊन एकमेकांना चिकटलेले. अशाच एका दुपारी भाटघर धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावातला एक तरुण शाखेत आला. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काही वर्षं काम करून तो परतला होता. त्याला लेथ मशीन घ्यायचं होतं. भातगिरण्यांचे आणि पंपांचे सुटे भाग दुरुस्तीसाठी पुण्यापर्यंत न्यावे लागतात, ते काम इथंच करावं, असा त्याचा विचार होता. मी सातबारा मागितला. त्यावर थोडी वरकस जमीन होती. चांगली भातखाचरं आजोबांच्या काळातच धरणात गेली होती. वजनदार जामीनदारही नव्हता. तारण अपुरं, सबब अर्ज नामंजूर, असा शेरा मी मारला. नियमानं तो बरोबर होता. तो तरुण नमस्कार करून निघून गेला, पुन्हा आला नाही.

नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की, ज्या पाण्यानं त्याची खाचरं गिळली, त्या पाण्याचा पुढचा प्रवास आपण कधी पाहिलेलाच नाही. भोरजवळ वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८च्या सुमारास पुरं झालं. तेव्हा त्याला लॉईड धरण म्हणत. त्याचं पाणी नीरेत उतरतं आणि पुढं कालव्यांनी दुष्काळी मुलखात जातं. डाव्या कालव्याच्या त्या पाण्यावर इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ऊस उभा राहिला, साखर कारखाना आला, गाव वसलं. त्या गावाचं नाव वालचंदनगर. आमच्या भोर-वेल्ह्याचं पाणी ज्यांच्या उसाला मिळालं, त्या वालचंद हिराचंद यांच्याविषयी कुतूहल वाटू लागलं ते तेव्हापासून. पुढं त्यांचं चरित्र वाचत गेलो, आणि साखरेपेक्षा विमानापाशीच जास्त थबकलो.

वालचंदशेठ जन्मले २३ नोव्हेंबर १८८२ रोजी, सोलापुरात. घराणं मूळ गुजरातेतलं, दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा पिढीजात धंदा. म्हणजे कर्ज देण्याआधी तारण पाहायचं, हे त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी आधी, घरातच पाहिलेलं. मुंबईत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले, पण पदवी झाली नाही. पेढीवर बसले, तिथंही मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी ठेकेदारी धरली. एकाकडं रेल्वेच्या कामाची माहिती, दुसऱ्याकडं घरची पत. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्याशा कामापासून सुरुवात झाली. पुढं त्यांच्या कंपनीनं भोर घाटातले रेल्वेचे बोगदे खोदले आणि मुंबईला पाणी देणारी तानसाची जलवाहिनी टाकली. (हा भोर घाट म्हणजे खंडाळ्याचा. आमच्या भोरशी त्याचं फक्त नाव जुळतं.)

ठेकेदारीत पैसा मिळाल्यावर एखादा माणूस स्वस्थ बसला असता. पण पहिलं महायुद्ध संपताच यांनी नरोत्तम मोरारजी आदी मंडळींना बरोबर घेऊन ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून इंग्लंडकडं निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. भाड्याचे दर पाडून नवख्याला बुडवणं ही त्यांची जुनी रीत. त्या लढाईत सिंधिया तगली, पण दमछाक फार झाली. बँकवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर वालचंदशेठ हे अवघड गिऱ्हाईक होतं. एक काम मार्गी लागतं न लागतं तोच पुढच्या कामात हात घातलेला असायचा.

आता विमानाकडं येतो. १९३९ साली, युरोपात युद्ध पेटल्यावर, वालचंदशेठ अमेरिकेहून परतत होते. मोटारगाड्यांचा कारखाना हिंदुस्थानात काढावा, या खटपटीसाठी ते तिकडं गेले होते. पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं जुळवण्याच्या उद्योगात होता. दोघांच्या गप्पा झाल्या, आणि मोटारीचा विचार करत गेलेला माणूस विमानाचा कारखाना मनात घेऊन उतरला.

त्यांनी सरकारपुढं योजना ठेवली, पण सरकारला घाई नव्हती. या देशात विमानं तयार व्हावीत हे साम्राज्याच्या हिशोबात बसत नव्हतं. मग १९४०च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. इंग्लंडवरच बॉम्ब पडू लागल्यावर तिथून विमानं मिळण्याची आशा उरली नाही, आणि अडलेली फाइल हलली. जागेसाठी म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल पुढं आले. बंगळूरला वीज होती, भद्रावतीचं पोलाद जवळ होतं, विज्ञान संस्था होती. संस्थानानं जमीन दिली आणि भांडवलात वाटाही उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपये, भरणा झालेलं चाळीस लाख. पुढच्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारही एक तृतीयांशाचं भागीदार झालं.

विचार करा. ज्या देशात मोटारगाडी बनत नव्हती, तिथं विमान करायचं होतं. यंत्रं अमेरिकेतून, तज्ज्ञ अमेरिकेतून, सुरुवातीला बरेचसे भागही तिकडूनच. कामं तीन ठरली होती : हार्लो हे शिकाऊ वैमानिकांसाठी, व्हल्टी हे बॉम्बफेकीसाठी आणि कर्टिस हॉक हे लढाऊ. पहिलं हार्लो १९४१ सालीच उडालं. कंपनीच्या नोंदणीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

यातलं हॉक मला विशेष वाटतं. एका इंजिनाचं, एका वैमानिकाचं, धातूचं हे विमान. १९४० साली फ्रेंचांनी ते जर्मनांविरुद्ध वापरलं. ब्रिटिशांनी त्याला मोहॉक म्हटलं. युरोपातल्या नव्या जर्मन विमानांपुढं ते मागं पडलं होतं. पण बंगाल-आसामातून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर १९४२-४३ मध्ये त्यानंच किल्ला लढवला. शत्रूच्या विमानांशी झुंजायचं, आपल्या बॉम्बफेक्यांना सोबत करायची आणि वेळ आली तर खाली येऊन जमिनीवरच्या ठाण्यांवर मारा करायचा. जिथं नवं काही मिळत नाही, तिथं हाताशी असेल त्याच्याकडून सगळी कामं करून घ्यावी लागतात. आमच्या मावळातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण काळ वेगळाच वळला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. दक्षिण हिंदुस्थान आता मागचा सुरक्षित प्रदेश राहिला नाही. सरकारला कारखान्याचा पूर्ण ताबा हवासा वाटू लागला. २ एप्रिल १९४२ रोजी जाहीर झालं की, वालचंदशेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शेअर सरकारनं विकत घेतले आहेत. म्हैसूरनं आपला वाटा विकला नाही, पण कारभार सोडला. त्यानंतर चारच दिवसांनी जपानी बॉम्ब विशाखापट्टणवर पडले. तिथं याच वालचंदशेठांच्या सिंधिया कंपनीचा जहाजबांधणीचा कारखाना उभा राहत होता. त्याची पायाभरणी राजेंद्रबाबूंच्या हस्ते होऊन वर्षही झालं नव्हतं. एका आठवड्यात एका माणसाच्या दोन स्वप्नांवर असा घाला आला.

बंगळूरचं पहिलं हॉक उडालं ३१ जुलै १९४२ रोजी. तोवर कारखान्यात वालचंदशेठांचा एकही शेअर उरला नव्हता.

तशी आणखी मोजकीच विमानं झाली आणि ते काम थांबलं. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडं गेला, आणि युद्ध संपेपर्यंत तिथं डाकोटा, मिचेल, कॅटलिना अशा विमानांची दुरुस्ती होत राहिली. कागदावर पाहिलं तर ठरलेल्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या नाहीत आणि प्रवर्तकच बाहेर पडला. माझ्या बँकेत असा प्रकल्प आला असता तर मी त्यावर लाल शाईनं काय लिहिलं असतं, हे सांगायला नको. पण त्या हॅंगरमध्ये आपल्या माणसांनी इंजिनं उघडली, पंख सांधले, चुका केल्या आणि शिकले. याच कारखान्यात पुढं आपल्या हसूरच्या, कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ या विमानाचा आराखडा केला, आणि ते १९५१ साली उडालं. ज्यांना तारण दाखवता आलं नसतं, अशा हातांच्या कसबाचं ते फळ होतं.

वालचंदशेठ थांबले नाहीत. मोटारीला युद्धकाळात परवानगी मिळेना, तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. एके काळी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या कारखान्यातल्या फियाटमधून फिरलेला असे. १९४८ साली विशाखापट्टणला ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, वर्षभरात त्यांनी कारभार सोडला, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथं ते गेले.

त्यांना देव करण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्यामागं घरची पेढी होती, नाव होतं. भाटघरात ज्यांची खाचरं गेली त्यांच्यामागं काहीच नव्हतं. आणि शेअर विकताना वालचंदशेठांना मोबदला तरी मिळाला. खाचर गेलेल्यांच्या वाट्याला पैसे आले असले, तरी खाचर परत आलं नाही, आणि त्या पाण्यावर पिकलेल्या उसाची साखर त्यांनी दुकानातून विकत घेतली. तरीही एक गोष्ट मला त्यांच्याकडून शिकायला हवी होती, आणि ती मी फार उशिरा शिकलो. कर्ज मागणाऱ्याकडं काय आहे, एवढंच मी आयुष्यभर विचारलं. त्याला काय करता येतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

मध्यंतरी भोरला गेलो होतो. पाऊस होऊन गेला होता, भाटघर काठोकाठ भरलेलं होतं. धरणावरून परतताना रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमधून लेथचा आवाज आला. थांबलो, आत डोकावलो. काम करणारा पोरगा विशीतला, ओळखीचा असण्याचं कारणच नव्हतं. लेथ घ्यायला कर्ज कुणी दिलं, असं त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. थोडा वेळ उभा राहून लोखंडाचे सोनेरी कीस खाली पडताना पाहिले, आणि एसटी चुकू नये म्हणून निघालो.