वाड्यात जन्मलेल्या हॅरिसनना झोपडीवाला करून राष्ट्राध्यक्ष बनवलं, पण कारभार भलत्याच्याच हातात गेला

निवडणूक आली की नेत्यांना आपलं गरिबीतलं बालपण आठवतं. हे आत्ताचं फॅड वाटत असेल, तर १८४० सालच्या अमेरिकेतला हा किस्सा वाचा.

विल्यम हेन्री हॅरिसन यांचा जन्म १७७३ सालचा, व्हर्जिनियातला. घरची मोठी जमीनदारी, विटांचा प्रशस्त वाडा आणि राबायला गुलाम. वडिलांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, पुढे ते व्हर्जिनियाचे गव्हर्नरही झाले.

वडील गेल्यावर हॅरिसननी डॉक्टरकी अर्धवट सोडली आणि १७९१ मध्ये सैन्यात भरती झाले. १८०० साली ते इंडियाना प्रांताचे गव्हर्नर झाले. तिथे त्यांनी करार करून मूळनिवासी जमातींची लाखो एकर जमीन सरकारच्या घशात घातली. टेकमसे या नेत्याने विरोधासाठी जमातींची एकजूट सुरू केली. ७ नोव्हेंबर १८११ ला टेकमसे बाहेरगावी असताना टिपेकॅनू नदीजवळ लढाई झाली. हॅरिसन यांचे ६० हून जास्त सैनिक गेले, पण मूळनिवाशांचं गाव जाळलं गेलं आणि टिपेकॅनूचा वीर हे बिरुद हॅरिसनना कायमचं चिकटलं.

१८३६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्याकडून हरले. पण १८३७ मध्ये मंदी आली, बँका बुडाल्या आणि लोक सरकारवर चिडले. व्हिग पक्षाने हॅरिसनना पुन्हा उभं केलं. दक्षिणेतली मतं मिळावीत म्हणून जॉन टायलर यांना उपाध्यक्षपदाचं तिकीट दिलं.

तेवढ्यात विरोधकांच्या एका वर्तमानपत्राने टोमणा मारला. म्हाताऱ्याला पेन्शन आणि सफरचंदाच्या दारूचं पिंप द्या, तो लाकडी झोपडीत निवांत पडून राहील, असा त्याचा सूर होता.

व्हिगवाल्यांनी हाच टोमणा डोक्यावर घेतला. मिरवणुकांत चाकांवरच्या झोपड्या आल्या, दारूची पिंपं फुटली, भलेमोठे गोळे गावोगाव ढकलत नेले गेले. टिपेकॅनू आणि जोडीला टायलर, अशा अर्थाची घोषणा आणि गाणं पोराटोरांच्या तोंडी बसलं. पक्षाने जाहीरनामाच काढला नाही.

खरी गंमत पुढे आहे. ज्या व्हॅन ब्युरेनना सोन्याच्या चमच्याने खाणारा ऐशारामी म्हणून बदनाम केलं, ते खानावळ चालवणाऱ्या शेतकऱ्याचे पोर होते!

सुमारे ८० टक्के मतदान झालं. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० इलेक्टोरल मतांनी जिंकले. ४ मार्च १८४१ ला त्यांनी जवळपास दोन तासांचं भाषण ठोकलं. महिनाभरात, ४ एप्रिलला ते वारले.

आता खुर्चीवर कोण? घोषणेच्या शेपटाला लावलेले टायलर. व्हिग पक्षाला राष्ट्रीय बँक हवी होती, टायलरनी ते विधेयक दोनदा फेटाळलं. एक सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, पक्षाने त्यांना हाकललं, तरी १८४५ पर्यंत खुर्ची त्यांचीच राहिली.

लोक वर्षभर टायलरचंही नाव गात होते. हा माणूस सत्तेत येऊन करणार काय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.